जहाज धक्क्याला, आपण जहाजावर

सकाळचे सव्वाआठ. सिंगापूरहून निघालेलं क्रूझ जहाज मलेशियातल्या पेनांगच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागून तासभर झालेला असतो. लिफ्टसमोर रांगा, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पाठीला सॅक, मुलांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: "गँगवे कुठल्या डेकवर?" गँगवे म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल. साडेनऊपर्यंत हा गलका चालतो, दहाला ओसरायला लागतो. साडेदहाला वरच्या डेकवर जावं, तर पोहण्याच्या तलावाचं पाणी इतकं निवांत झालेलं असतं की तळाच्या फरशा मोजता याव्यात. पालखी पुढच्या मुक्कामाला निघून गेल्यावर गावाचं जे होतं, तेच जहाजाचं होतं. आलेली गर्दी गेलेली असते, पण गाव रिकामं नसतं. गावकरी आपापल्या कामाला लागलेले असतात.

बंदराच्या दिवशी जहाजावरच राहणाऱ्याची लोक जरा कीव करतात. एवढे पैसे भरून आलात आणि उतरलाच नाहीत? मला हा प्रश्नच पटत नाही. सात रात्रींच्या फेरीत चार-पाच बंदरं असतात. प्रत्येक ठिकाणी सकाळी आठला उतरायचं, उन्हात दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी धापा टाकत परत यायचं, असं केलं की तिसऱ्या दिवशी शहरं एकमेकांत मिसळायला लागतात आणि जहाज फक्त झोपायच्या खोलीपुरतं उरतं. जहाज ही स्वतः बघण्यासारखी, राहण्यासारखी जागा आहे, आणि ती सगळ्यात मोकळी मिळते ती बंदराच्याच दिवशी. मात्र नुसतं "आज नाही उतरायचं" म्हणून पडून राहिलं तर तो दिवस हाती लागत नाही. त्या दिवसाचं एक वेळापत्रक असतं, ते ओळखावं लागतं.

आधी प्रश्न कुठल्या बंदरात राहायचं हा. कंपनीच्या पत्रकात "रोम" असं छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिव्हिटावेक्कियाला, आणि तिथून रोम सुमारे ७५ किलोमीटर. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो, पुढे सुमारे ९० किलोमीटर. "बँकॉक" म्हणजे बहुतेक वेळा लाएम चाबांग, तिथून सव्वाशे किलोमीटर. "क्वालालंपूर" म्हणजे पोर्ट क्लांग. अंतर त्या मानाने कमी, पण वाहतुकीत एका बाजूला तास-दीड तास सहज जातो. हिशेब मांडून पाहावा. जहाज सातला लागलं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत पाऊण तास, बाहेर बस गाठेपर्यंत अर्धा, जायला दीड तास, यायला दीड तास, आणि जहाज सुटायच्या अर्धा ते एक तास आधी परतायचं. बारा तासांच्या मुक्कामातले सुमारे सात तास शहरासाठी उरतात. रोम पहिल्यांदाच पाहायचं असेल तर तेवढ्यासाठीही जरूर जावं. दुसऱ्यांदा आलेल्याने, गुडघे दुखणाऱ्याने किंवा तान्हं मूल कडेवर असणाऱ्याने चिव्हिटावेक्कियाचा दिवस निःशंक मनाने जहाजावर काढावा.

पेनांगचं उलट आहे. धक्का थेट जॉर्जटाउनमध्ये आहे. दारातून बाहेर पडलं की व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, शेजारी कॉर्नवॉलिसचा किल्ला, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर लिटल इंडिया. २००८ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. अशा ठिकाणी अख्खा दिवस जहाजावर काढणं मला पटत नाही. इथे अर्धा मुक्काम चांगला. न्याहारी सावकाश करावी, रांग संपल्यावर साडेदहाला उतरावं, दोन-अडीच तास फिरावं आणि ऊन डोक्यावर आलं की परत यावं. तुम्ही गँगवे चढत असता तेव्हा बसने गेलेली मंडळी अजून दूर असतात, आणि तलाव तुमचाच असतो.

आता कागदपत्रांचं. "मी उतरणारच नाही, मग त्या देशाचा व्हिसा कशाला?" हा समज आपल्याकडे फार आहे, आणि त्यापायी लोक पहिल्याच बंदरावर अडकतात. बहुतेक कंपन्या फेरीतल्या प्रत्येक देशाची प्रवेशाची अट पूर्ण झाली आहे ना हे चढतानाच तपासतात. उतरणार की नाही हे विचारत नाहीत. नसेल तर चढूच देत नाहीत. भूमध्य समुद्रातल्या फेरीत ग्रीसमधून जहाज तुर्कस्तानात कुशादासीला जाऊन परत ग्रीसला येत असेल, तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, कारण जहाज शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येतं आणि जहाजाबरोबर तुम्हीही. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या फेरीतही परतीला दुसऱ्यांदा प्रवेश होतो, तेव्हा व्हिशावर प्रवेश किती आहेत ते बुकिंगच्या आधी पाहावं. आशियातल्या बऱ्याच फेऱ्यांत पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात, म्हणून त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

काही बंदरांत स्थानिक अधिकारी जहाजावर येतात आणि प्रत्येक प्रवाशाला समोर बोलावून चेहरा व पासपोर्ट जुळवतात. ही हजेरी न उतरणाऱ्यालाही चुकत नाही. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा ॲपवर वेळ आणि हॉल दिलेला असतो. न गेलेल्याचं नाव पुकारलं जातं, आणि काही ठिकाणी सगळे आल्याशिवाय कुणालाच उतरू देत नाहीत. म्हणजे एकाच्या साखरझोपेपायी दोन हजार माणसं खोळंबतात. अमेरिकेत फेरी संपते त्या बंदरात तर पुढच्या फेरीला त्याच जहाजावर राहणाऱ्यांनाही एकदा खाली उतरावंच लागतं. जहाजावर एकही प्रवासी उरला नाही, हे मोजणीने ठरल्यावरच पुन्हा चढवतात.

हे सगळं मार्गी लागलं की मग दिवस आपला. तो सुरू होतो जहाज लागण्याच्या आधीपासून, आणि माझ्या मते न उतरणाऱ्याने पहाटेचा हा तास कधीच झोपेत घालवू नये. बंदराबाहेर एक छोटी होडी जहाजाच्या कुशीला येते आणि दोरशिडीवरून किंवा कुशीतल्या दारातून पायलट चढतो, त्या बंदराचं पाणी जाणणारा स्थानिक वाटाड्या. तो वर आला की अर्धा पांढरा, अर्धा लाल असा उभा विभागलेला झेंडा डोलकाठीवर चढतो. त्याच्याजवळ पिवळा झेंडा दिसला तर तो जहाजावर रोगराई नाही असं सांगतो आणि प्रवेशाची परवानगी मागतो. परवानगी मिळाली की तो उतरतो. उजव्या बाजूला यजमान देशाचा झेंडा असतो. "गँगवे अजून का उघडत नाही?" याचं उत्तर पुष्कळदा त्या पिवळ्या झेंड्यात असतं.

मग दोर. जहाजाच्या पुढच्या टोकाजवळचा उघडा डेक किंवा धक्क्याकडची बाल्कनी मिळाली तर हे जवळून दिसतं. जहाजावरून आधी एक बारीक दोरी फेकतात, तिच्या टोकाला वजनदार गोळा असतो. धक्क्यावरचे लोक ती ओढतात आणि तिच्यामागून मनगटाहून जाड दोरखंड पाण्यातून वर येतो. त्याच्या टोकाचा फास लोखंडी खुंटावर चढतो. नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, पुढे जाणारे आणि मागच्या टोकाकडून मागे जाणारे दोर लगेच कळतात. पण खरी गंमत तिरप्या दोरांत आहे. नाळेकडून मागे येणारा आणि मागच्या टोकाकडून पुढे येणारा, असे हे दोर उलट दिशांनी बांधलेले असतात. त्यांना स्प्रिंग म्हणतात. जहाज धक्क्याशी समांतर पुढे-मागे सरकू नये ही त्यांची जबाबदारी, आणि गँगवेखालचं चाक फूटभरापलीकडे सरकत नाही ते यांच्यामुळे. दोर ताठ झाले की खलाशी प्रत्येकावर पत्र्याची एक गोल थाळी चढवतात. ती उंदरांसाठी. धक्क्यावरचा उंदीर दोरावरून चालत येतो, थाळीशी अडतो आणि मागे फिरतो. इतक्या मोठ्या जहाजाची राखण त्या पत्र्याच्या थाळीवर असते.

भरती-ओहोटीचं ठिकाण असेल तर दिवसभर हे दोर सैल-ताठ करत राहावं लागतं. अलास्कात किंवा आपल्या मुंबईत पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं आणि जहाजही त्याबरोबर चार-पाच मीटरपर्यंत वर-खाली होतं. सकाळी सपाट वाटलेला गँगवे दुपारी चांगलाच चढाचा होतो, कधी तर तो एका डेकवरून काढून दुसऱ्या डेकला लावतात. काठी घेऊन चालणाऱ्याने किंवा व्हीलचेअरवाल्याने थोडा वेळ खाली जायचं ठरवलं असेल, तर गँगवेजवळच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला "उतार कधी कमी असेल?" एवढं विचारावं. त्यांना ते ठाऊक असतं.

दहाच्या सुमाराला घोषणा होते की आता फक्त कर्मचाऱ्यांसाठी कवायत आहे. ती का, हे माहीत असेल तर तिचा त्रास होत नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज पाळतात तो करार १९७४ चा, त्यालाच सोलास म्हणतात. त्यानुसार प्रवासी जहाजावर दर आठवड्याला आगीची आणि जहाज सोडण्याची कवायत व्हावीच लागते. ती प्रवासी खाली गेलेले असताना उरकणं सोयीचं, म्हणून ती बंदरात होते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज होतात. कॉरिडॉरमधली चुंबकाने उघडी धरलेली आगरोधक दारं एकदम धाडकन बंद होतात. घाबरू नये, ती हाताने ढकलून उघडतात. कॉफीचा काउंटर, बार, कधी लिफ्टही पाऊण-एक तास बंद राहते, कारण कॉफी देणारा मुलगाच आता लाईफजॅकेट घालून आपल्या ठरलेल्या होडीपाशी उभा असतो. म्हणून चहा-कॉफी दहाच्या आधी घ्यावी आणि पुस्तक घेऊन पाण्याकडच्या बाजूला बसावं.

पाण्याकडच्या बाजूला एवढ्यासाठी की होड्या त्या बाजूने खाली सोडतात. दुसरीकडे धक्का असतो. तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक जीवनरक्षक होडी तिच्या ठरलेल्या माणसांसह पाण्यात उतरवून चालवून पाहावी लागते. होडी खाली जाताना सगळं सोपं दिसतं. कस लागतो ती परत वर घेताना. वरून दोन जाड तारांच्या टोकांना लोंबणारे वजनदार लोखंडी ठोकळे असतात. होडी लाटेवर वर-खाली होत असते. पुढचा आणि मागचा अशी दोन माणसं आपापला हुक एकाच वेळी अडकवायला बघतात, कारण एकच अडकला आणि लाट खाली गेली तर होडी तिरकी लटकेल. एक जण हात वर करतो, दुसऱ्याचा हात वर होईपर्यंत कुणी हलत नाही. शांत बंदरात हे दहा मिनिटांत होतं. अंधारात, वाऱ्यात, भरलेल्या होडीने ते कसं करायचं, याची सवय या दहा मिनिटांतून लागते. जहाजावर राहून पाहण्यासारखं दुसरं काही नसतं तरी एवढ्यासाठी मी राहण्याच्या बाजूने बोललो असतो.

एक लक्षात ठेवावं. कवायतीची घोषणा आधी होते. घोषणा न होता सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला, तर जहाज धक्क्याला असलं तरी तो खरा समजावा. रोजची औषधं आणि अंगावर काहीतरी गरम घेऊन आपल्या मस्टरच्या, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या, जागी जावं. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया याच चिव्हिटावेक्कियाहून निघालं आणि त्याच रात्री जिल्यो बेटापाशी खडकाला लागलं. ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची होती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. २०१५ पासून हा नियम आहे.

कामाचा दुसरा भाग म्हणजे डागडुजी. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. बंदरात वेग नसतो, वारा कमी असतो, म्हणून गंज खरवडणं, रंगाचे हात, कठड्याच्या लाकडाला वॉर्निश, काचा धुणं हे सगळं त्या दिवशी निघतं. कठड्यावर "रंग ओला" अशी पाटी नसेल तरी हात टेकण्याआधी बोटाने पाहावं. बाल्कनीबाहेर अचानक लोंबत्या पाळण्यात माणूस दिसू शकतो, तेव्हा पडदा लावायची सवय ठेवावी. खरवडण्याच्या यंत्राचा आवाज दोन-तीन डेक खालपर्यंत जातो. दुपारी झोपायचं असेल तर कुठल्या बाजूला काम आहे ते सकाळीच बघून ठेवावं. तलावात समुद्राचं पाणी घेणारी जहाजं बंदरात ते आत घेणं बंद करतात, कारण बंदराचं पाणी घाण असतं. तेच पाणी गाळून फिरवत राहतात किंवा तलाव रिकामा करून घासतात. तलावावर जाळं पसरलेलं दिसलं तर चिडू नये, आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

इंधन भरायचं असेल तर एक बार्ज, म्हणजे इंधनाची सपाट बोट, कुशीला लागतो, जाड नळी जोडली जाते आणि डोलकाठीवर लाल झेंडा चढतो. तो असेपर्यंत त्या बाजूच्या उघड्या डेकवर सिगरेट पूर्ण बंद, बाल्कनीवरही. सिंगापूर हे जगातलं सगळ्यात मोठं इंधन भरण्याचं बंदर आहे, तेव्हा तिथे हा लाल झेंडा हमखास दिसतो.

धूर हा न उतरणाऱ्याचा खरा शत्रू. जहाज उभं असलं तरी दिवे, वातानुकूलन, स्वयंपाकघर, पाण्याचे पंप यांना अनेक मेगावॅट वीज लागते, म्हणून इंजिनं चालूच असतात. समुद्रात जहाजाच्या वेगामुळे धूर मागे पडतो. बंदरात वारा जिकडे नेईल तिकडे जातो, आणि मागच्या डेकवरच्या खुर्च्यांवर काळी कणी बसते. पांढरे कपडे घालून तिथे बसू नये. किनाऱ्यावरून वीज घेण्याची सोय क्रूझ जहाजांसाठी पहिल्यांदा २००१ मध्ये अलास्कातल्या जुनोला झाली, तिथली वीज पाण्यापासून होते. अशा बंदरात इंजिनं बंद असतात आणि मागचा डेक एकदम वेगळा वाटतो, पक्ष्यांचे आवाज येतात. ही सोय सगळीकडे व्हायला हवी, बंदरालगत घरं असणाऱ्यांसाठी तर आधीच व्हायला हवी होती.

केबिनची बाजू निवडणं मात्र जुगार आहे. जहाज डावीकडून लागेल की उजवीकडून, हे पायलट, वारा आणि मोकळी जागा पाहून ठरतं. धक्क्याकडची बाल्कनी मिळाली तर बस, ट्रक, फोर्कलिफ्टचा बीप-बीप दिवसभर ऐकावा लागतो, शिवाय समोर दुसरं जहाज उभं राहिलं तर त्याच्या बाल्कन्या तोंडासमोर. म्हणून न उतरणाऱ्याने आपल्या बाल्कनीवर भिस्त ठेवू नये. चालण्यासाठी जो सभोवार डेक असतो त्याच्या पाण्याकडच्या बाजूला लाकडी खुर्च्या असतात, सावली असते, आणि बहुतेकांना तो डेक आठवतही नाही. पुढच्या, खालच्या डेकच्या केबिनवाल्याला पहाटे थ्रस्टरची (जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्याची) थरथर आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट आहेच. त्यावर इलाज नाही, लवकर झोपावं.

काय बंद असतं? दुकानं आणि कॅसिनो. करमुक्त माल आणि जुगार यांना किनाऱ्याचा कायदा लागू होतो, म्हणून जहाज पुरेसं बाहेर गेल्यावरच ते उघडतात. मोठं भोजनगृह दुपारी बहुधा बंद, बुफे चालू. भारतीय जेवणाचा काउंटर आणि जैन जेवण दुपारी असेल की नाही, हे आदल्या रात्रीच जेवण वाढणाऱ्या प्रमुखाला विचारावं. आधी सांगितलं तर ते करून देतात, ऐनवेळी माणूस नसतो. मसाज वगैरेचे दर त्या दिवशी उतरलेले असतात, कारण गिऱ्हाईक नसतं. काही बंदरांत पेयांच्या बिलावर स्थानिक कर चढतो, बिल बघून सही करावी.

टेंडरची बंदरं वेगळी. थायलंडमधल्या फुकेतला पाटोंगच्या उपसागरात जहाज नांगरून उभं राहतं आणि शंभर-सव्वाशे माणसांच्या होड्यांमधून, म्हणजे टेंडरमधून, लोकांना नेतात. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटाचा कॅल्डेरा, म्हणजे ज्वालामुखीचं समुद्राने भरलेलं विवर, तर इतका खोल आहे की तिथे बहुतेक जहाजांचा नांगर पोचत नाही, इंजिनं आणि थ्रस्टरच्या बळावर ती एका जागी राहतात. खालच्या जुन्या बंदरातून कड्यावरच्या फिरा या गावाला जायला ५८८ पायऱ्या किंवा केबलकार, आणि तीन-चार जहाजं एकाच दिवशी आली की केबलकारची रांग उन्हात तासाच्या पुढे जाते. सांतोरिनीच्या कड्यांवरची पांढरी गावं सगळ्यात पूर्ण दिसतात ती जहाजावरून. गावात उभं राहिलं की गाव दिसत नाही, समुद्र दिसतो. दोन्ही बघावं हे खरंच, पण पायऱ्या न झेपणाऱ्याने मन खट्टू करून घेण्याचं कारण नाही. पहाटे आत शिरताना आणि संध्याकाळी बाहेर पडताना वरच्या डेकवर असावं.

टेंडरमध्ये बसताना जहाजाच्या कुशीतल्या फलाटावरून होडीत पाऊल टाकावं लागतं, आणि फलाट वर जातो तेव्हा होडी खाली जाते. कर्मचारी दोन्ही बाजूंनी दंड धरतात, पण पाऊल स्वतःचं टाकावं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याला नाकारलं जाऊ शकतं, आणि जड बॅटरीच्या व्हीलचेअर नेत नाहीत. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी फेरी ठरवतानाच कुठली बंदरं टेंडरची आहेत ते बघावं. आपल्याकडेही लक्षद्वीपला तसंच, मोठं जहाज बाहेर थांबतं आणि लहान होड्या बेटावर नेतात. फुकेतजवळच्या अंदमान समुद्रात मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची उसळ असते. तेव्हा पाटोंगला टेंडर ऐनवेळी रद्द होऊ शकतं, मग सगळं जहाज आतच राहतं. त्या दिवशी निवांतपणा विसरावा, दहाच्या आत खुर्ची धरावी. बंदरच गाळलं गेलं तर बंदराचं शुल्क पुष्कळदा तुमच्या जहाजावरच्या खात्यात परत जमा होतं. ते झालं की नाही, पाहावं.

घड्याळाचंही इथे सांगितलं पाहिजे. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरची वेळ पाळत असेल आणि तुमचा फोन किनाऱ्याची धरत असेल, तर "साडेचारला परत" म्हणजे फोनवर साडेतीन. थोडा वेळच उतरणारी माणसं इथे चुकतात, कारण ती गाइडबरोबर नसतात. मनगटावर साधं घड्याळ बांधावं, जहाजाची वेळ लावावी, आणि फोनचं घड्याळ बघूच नये. फोन किनाऱ्याजवळ त्या देशाचं नेटवर्क पकडतो, समुद्रात जहाजाचं. जहाजाच्या नेटवर्कचा दर वेगळा आणि महाग असतो, देशाच्या रोमिंग पॅकमध्ये तो धरलेला नसतो. सुटायच्या आधी एअरप्लेन मोड लावावा.

आणि माणसं. क्रूझवर गोव्याची, मुंबईची, कोकणातली मुलं खूप. गोव्याच्या तारवट्यांची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची, परंपरा जुनी. बोटीची नोकरी मिळेपर्यंत आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये राहायला त्यांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांच्या नावाने कूड, म्हणजे सामाईक वसतिगृहं, उभारले. करारात आठ-नऊ महिने घर नाही. कायद्याने चोवीस तासांत दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती ठरलेली आहे, त्यातलेच दोन-तीन तास बंदरात खाली जाऊन घरी व्हिडिओ कॉल करायला वापरायचे. तेही रोज नाही, कारण जहाज बंदरात असतानाही आग विझवायला पुरेशी माणसं वर असावी लागतात, आणि ज्याची पाळी त्याने राहायचं. म्हणून न उतरणाऱ्याने एक करावं. सकाळीच केबिनच्या स्टुअर्डला सांगावं, "नऊ ते साडेनऊ मी खोलीत नसेन." त्याचं काम त्या अर्ध्या तासात उरकतं आणि त्याला खाली जायला मिळतं. "मी दिवसभर खोलीतच आहे, नंतर या" असं म्हटलं की त्याची दुपार गेली. मराठी किंवा कोंकणी कानावर पडली तर बोलावं, पण कवायतीच्या वेळी किंवा दोरांपाशी नाही.

साडेतीननंतर बस परतायला लागतात. गँगवेवर कार्ड लावल्याचा टिंग आवाज, पडद्यावर फोटो, पिशव्या एक्स-रेमधून. जो वेळेत आलेला नसतो त्याची नावं पुकारतात. जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. सुरक्षावाले त्याच्या केबिनमधून किंवा जमा पासपोर्टांतून त्याचा पासपोर्ट काढतात आणि तो बंदरातल्या एजंटाच्या हाती देऊन ठेवतात. कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा असेल तर मात्र थांबतात.

आता पुन्हा धक्क्याकडच्या कठड्याशी जावं. उंदरांच्या थाळ्या उतरल्या की समजावं, वेळ आली. दोर एकदम सोडत नाहीत. आधी दुहेरी असलेले एकेरी करतात, पुढे एक, मागे एक आणि स्प्रिंग एवढे ठेवतात. विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, दोर थोडा सैल सोडते, धक्क्यावरचा माणूस वाकून तो जड फास खुंटावरून उचलतो आणि पाण्यात टाकतो. छपाक आवाज होतो. ओला दोर कुशीवरून घासत वर चढतो, त्यातून पाणी गळतं. स्प्रिंग सगळ्यात शेवटी. तो सुटला की थ्रस्टर सुरू होतात, धक्का आणि जहाज यांच्यामध्ये हातभर पाणी दिसतं, गढूळ, तळाचा चिखल वर आलेला. मग वावभर, मग दोन वाव. पांढरा-लाल झेंडा अजून वर असतो. पायलट बंदराच्या तोंडापाशी उतरेल तेव्हा तो खाली येईल.